कोरणाऱ्या हातांना नवे काम द्या

शके ७३४, म्हणजे इ.स. ८१२-१३ मधला एक ताम्रपट बडोद्याला सापडला आहे. गुजरातेतल्या राष्ट्रकूट शाखेच्या कर्कराजाने दिलेल्या दानाचा तो लेख. पूर्वजांची स्तुती करताना त्यात कृष्णराजाने करवलेल्या वेरूळच्या मंदिराचे, म्हणजे आपल्या कैलास लेण्याचे वर्णन येते. आकाशातून जाणाऱ्या देवांनाही हे माणसाचे काम वाटले नाही, असे लेख म्हणतो. राजस्तुतीत एवढी अतिशयोक्ती चालायचीच. पण त्याला लागूनच जे सांगितले आहे ते राजस्तुतीच्या रिवाजातले नाही. ज्या शिल्पकाराने हे मंदिर घडवले तो स्वतःच काम पाहून थक्क झाला, हे आपल्या हातून झाले तरी कसे असे त्याला वाटले आणि असे दुसरे काम करण्याची उमेद त्याला राहिली नाही, असा त्याचा आशय आहे. राजाच्या दानपत्रात एका कारागिराच्या मनाची अवस्था नोंदली जावी ही आपल्या इतिहासातली फार दुर्मीळ गोष्ट. त्या शिल्पकाराचे नाव मात्र लेखात नाही.

या आश्चर्याचा एक अर्थ आपण सहज लावतो. कला ही दैवी देणगी, ती एखाद्यावर उतरते आणि निघून जाते, म्हणून कलावंतालाही आपल्या कामाचे नवल वाटते. ऐकायला गोड असलेला हा अर्थ समाजाला मोकळे करून टाकतो. देणगी वरून आली असेल तर आपण काही द्यायचे उरत नाही. वर्षातून एखादी शाल आणि श्रीफळ दिले की झाले. दुसरा अर्थ मला अधिक खरा वाटतो. त्या माणसाला ते काम करताना जे सुचत गेले ते काम हाती घेण्यापूर्वी त्याच्याजवळ नव्हतेच. डोंगराने, सोबतच्या शेकडो हातांनी आणि वर्षानुवर्षे चाललेल्या त्या एका मोठ्या मागणीने ते त्याच्याकडून काढून घेतले. कोरीवकामातली प्रेरणा अशी कामाच्या पोटी जन्माला येते. हे मान्य केले तर कोरणाऱ्यांना जगवायचा मार्गही स्पष्ट होतो : त्यांच्या हाताला तोलामोलाचे नवे काम मिळत राहिले पाहिजे. ते देणे महाराष्ट्राने जवळजवळ सोडून दिले आहे आणि ते पुन्हा सुरू करावे, असे माझे म्हणणे आहे.

कोरणे आणि घडवणे यांत एक मूलभूत फरक आहे. मातीत काम करणारा चुकला तर माती पुन्हा लावू शकतो. दगडातून उडालेली कपची परत बसत नाही. म्हणून पाथरवट टाकी लावण्याआधी दगड वाजवून पाहतो. खणखणीत नाद आला तर दगड निकोप. आवाज बद्द आला तर आत कुठेतरी चीर आहे. मग गेरूने खुणा, गुण्या लावून कोन, आणि बाहेरचा फालतू भाग उडवणे. जसजसा आकार जवळ येतो तसतसा घाव हलका होत जातो आणि टाकीची जात बदलते. टाकीचे टोक काही वेळातच बोथट होते, ते भट्टीत तापवून धारेला आणावे लागते आणि त्याला पाणी द्यावे लागते. पाणी कमी पडले तर टोक दुमडते, जास्त झाले तर कडक होऊन तुटते. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड तर आणखी कसोटी पाहणारा. लाव्हा थिजताना राहिलेल्या पोकळ्या त्याच्या पोटात असतात, काहींत स्फटिक भरलेले असतात. ऐन नाकाच्या शेंड्याशी अशी पोकळी निघाली तर चेहरा दोन बोटे मागे न्यायचा, मान किंचित वळवायची की दगडच टाकून द्यायचा, हे त्या क्षणी हातात टाकी असलेल्यानेच ठरवायचे असते. अजिंठ्याच्या चौथ्या लेण्यात, तिथल्या सर्वांत मोठ्या विहारात, काम चालू असतानाच छताचा खडक निखळला. कारागिरांनी छत आणखी वर नेऊन काम पुढे चालवले. आज ती उंची पाहणाऱ्याला ती मुळातच ठरवलेली वाटते.

कैलास लेणे याचे सर्वांत मोठे उदाहरण. डोंगराला तीन बाजूंनी खोल खंदक खणून मधला कातळ सुटा केला आणि तो वरून खाली कोरत आणला. शिखर आधी, पायथा शेवटी. कृष्ण याज्ञवल्की यांच्या ‘कथाकल्पतरु’त या लेण्याविषयी एक दंतकथा आहे. मंदिराचे शिखर पाहिल्याशिवाय अन्न घेणार नाही असा नवस राणीने केला, सगळे शिल्पी हतबल झाले, तेव्हा पैठणच्या कोकासाने शिखरापासूनच काम सुरू केले आणि आठवड्याच्या आत राणीला ते दिसले. कथेतली राणी बाजूला ठेवली तरी कामाच्या पद्धतीची आठवण लोकांनी तिच्यात नेमकी जपली आहे. वर शिखराशी बसलेल्या माणसाला खाली अजून कातळातच असलेले खांब, हत्ती, जिने मनाने पाहावे लागत होते, कारण वर जादा काढलेला दगड खाली कोणाच्याही कामी येणार नव्हता. आराखडा नक्कीच होता. पण कोणताही आराखडा कातळातली प्रत्येक चीर आधी सांगू शकत नाही. त्या फटीत, म्हणजे ठरवलेले आणि सापडलेले यांच्या मधल्या जागेत, कोरणाऱ्याची बुद्धी चालते.

यावर पहिला आक्षेप असा की भारतीय शिल्पकार शास्त्राने बांधलेला होता. मूर्तीचे माप, आयुधे, मुद्रा सगळे आधीच ठरलेले, मग त्याला सुचायला जागा कुठे होती? उत्तर दगडातच आहे. रावण कैलास पर्वत हलवतो हा प्रसंग घारापुरीला आहे, वेरूळच्या अनेक लेण्यांत आहे. कथा तीच, पात्रे तीच. पण कैलास लेण्यातल्या कोरणाऱ्याने रावणाला खाली खोल, अंधाऱ्या पोकळीत जवळजवळ सुटा कोरला आणि वर घाबरलेल्या पार्वतीला शिवाला बिलगवले. तिच्या मागे एक दासी पळत सुटली आहे. पळणाऱ्या दासीशिवाय कथेचे काही अडत नाही. तिच्यामुळे पर्वत खरोखर हलतो आहे हे मात्र पाहणाऱ्याला पटते, आणि जवळच्या शिवाची निश्चलता अधिक ठसते. शास्त्राने शिवाचे माप दिले असेल. दासीचे पाऊल कोणीतरी स्वतः काढले. अकराशे वर्षांनी आणि अगदी वेगळ्या धन्यासाठी काम करतानाही हेच दिसते. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या इमारतीत एक माकड न्यायाधीश होऊन बसले आहे. एका डोळ्यावर पट्टी आणि हातात कललेला तराजू. कोणा नाराज कंत्राटदाराने ते मुद्दाम करवून घेतले अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो नसो, गॉथिक धाटणीच्या त्या कडक सरकारी इमारतीत एका दगडापुरती मोकळीक कोणीतरी घेतली हे निश्चित. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या खांबांवर आणि कमानींवर पाने, पक्षी, प्राणी कोरले गेले तेव्हा जे. जे. कला शाळेतले विद्यार्थी त्या कामावर होते. शिकणाऱ्यांना प्रत्यक्ष इमारतीवर, हजारो लोकांच्या नजरेसमोर राहील असे काम मिळाले. आज किती कलाविद्यार्थ्यांच्या वाट्याला असे काम येते?

कोरणाऱ्याला या सगळ्यातून मिळते काय? मजुरीचा प्रश्न पुढे घेतो, तो टाळता येणार नाही. पण मजुरीशिवाय काही मिळत होते याचा पुरावा आपल्याच लेण्यांत आहे. कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याला कोंडाण्याचे चैत्यगृह आहे. दर्शनी भागाजवळ एका भग्न यक्षमूर्तीचा मुखवट्याएवढा भाग उरला आहे आणि तिथे ब्राह्मी अक्षरांत कोरले आहे की हे कान्हाचा शिष्य बलक याने केले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या ओळीत बलकाने आपल्या नावाच्या आधी गुरूचे नाव घातले. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या यक्षाच्या तळहाताच्या मागे कान्हदास नावाच्या सोनाराने आपले नाव कोरले. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दागिने घडवणारा हात दगडाकडे वळला हे त्या हसऱ्या, दागिन्यांनी नटलेल्या मूर्तीकडे पाहून समजतेच. कार्ल्याच्या चैत्याचे द्वार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केले, असे तिथला लेख सांगतो. कर्नाटकात बेलूरच्या मंदिरात बळ्ळिगावीचा दासोज आणि त्याचा मुलगा चावण यांच्या सह्या आहेत. हे सगळे राजे नव्हेत, धनवान दातेही नव्हेत. तरी त्यांची नावे दात्यांच्या नावांइतकीच टिकाऊ दगडात राहिली, आणि ती कोरू देणारा समाज तेव्हा होता. आज एखादे भवन, घाट किंवा मंदिर उभे राहिले की कोनशिलेवर मंत्री, आमदार, सभापती, अभियंता, कंत्राटदार अशी नावांची रांग लागते. ज्याने ती कोनशिला कोरली त्याचेही नाव तिच्यावर नसते. दोन हजार वर्षांपूर्वी बलकाला जो मान मिळाला तो आज आपण आपल्या कारागिराला देत नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. कामातले समाधान, गुरुशिष्य परंपरा, नावाचा अभिमान ही सगळी भाषा दुरून पाहणाऱ्याची आहे, असे कोणी म्हणेल. दगड फोडणे आणि घडवणे ही कामे आपल्याकडे जातीने वाटून दिलेली होती. वडार, पाथरवट यांच्या वाट्याला गावकुसाबाहेरची वस्ती, भटकंती आणि हातावरचे पोट आले. दगडाची धूळ फुफ्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, त्यावर इलाज नाही. आपल्या काळ्या दगडात सिलिका वाळूच्या दगडाच्या मानाने कमी असते, पण इतर दगडांवर काम करणाऱ्यांचे हाल मोठे आहेत. राजस्थान सरकारला २०१९ मध्ये या आजारासाठी स्वतंत्र धोरण आणावे लागले. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. समाधान हे मजुरीला पर्याय म्हणून पुढे करणे हा अन्यायच आहे, आणि ‘कलेसाठी करतोस ना, मग पैशांचे काय’ हे वाक्य कोणत्याही कारागिराला ऐकावे लागू नये. पण याच आक्षेपाच्या मुळाशी गेले तर दिसते की समाधान आणि मजुरी दोन्ही एकाच ठिकाणी मार खातात, ते म्हणजे वेळ. नगावर दर ठरला की कारागीर कोरडे ग्राइंडर लावतो, कारण पाणी सोडून कापायला वेळ लागतो. मग धूळ वाढते. नगावर दर ठरला की तो दासी पळवण्याचा विचार करत नाही, कारण तिचे पैसे कोणी देत नाही. त्याला बारावा, पंधरावा, विसावा सारखाच गणपती कोरायचा असतो. फुफ्फुस आणि कल्पना एकाच घाईने खराब होतात. वेळेचे पैसे देणारे काम आले तर दोन्हींना श्वास मिळेल. आणि या कामाचे दार जातीबाहेरच्या, कुळाबाहेरच्या मुलामुलींना उघडायचे असेल तर त्यात जगता येईल एवढे उत्पन्न दिसले पाहिजे. नाहीतर ज्यांना सुटता येत नाही तेवढेच त्यात उरतील.

यंत्राचा मुद्दाही उभा आहे. संगणकावर आकृती भरली की सीएनसी यंत्र रात्रभर दगड किंवा लाकूड कोरते, सकाळी नक्षी तयार. यंत्राला नावे ठेवण्यात अर्थ नाही. फालतू भाग उडवण्याचे, सारख्या जाळ्या काढण्याचे काम त्याने करावे. माणसाची पाठ आणि छाती वाचेल. लोखंडाची टाकी हीदेखील कधीकाळी नवी युक्तीच होती. मात्र यंत्राला सगळे आधी सांगावे लागते. दगडाच्या पोटात पोकळी निघाली तर ते तिच्यातून तसेच पुढे जाते. म्हणून जिथे आधी ठरलेल्याची हुबेहूब प्रत हवी तिथे यंत्र जिंकणार, आणि आपला बाजार सध्या प्रतीच मागतो आहे. कारागीर यंत्रापुढे हरतो तो हाताच्या उणिवेमुळे नव्हे. आपण त्याच्याकडे यंत्राचेच काम मागतो म्हणून हरतो.

सरकार काहीच करत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यांत मूर्तिकार आणि दगड कोरणारे आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाख व दुसऱ्या टप्प्यात दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. हे उपयोगाचे आहे. पण अवजारे नवी आली आणि मागणी जुनीच राहिली तर कर्ज फेडायला पुन्हा तेच स्वस्त नग काढावे लागतात. कारागिराकडे येणारा ग्राहक बदलायला हवा, आणि मोठ्या, संथ, धाडसी कामाचा ग्राहक पूर्वीपासून एकच आहे : सार्वजनिक पैसा. तो राजाचा होता, व्यापारी श्रेणींचा होता, भिक्षुसंघाला दान देणाऱ्या साध्या माणसांचा होता. आज तो महापालिकांचा, जिल्हा परिषदांचा आणि सार्वजनिक बांधकाम खात्याचा आहे.

असे काम दिल्यावर काय होते याची उदाहरणे आपल्या जवळ आहेत. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या सुतार कुटुंबातले राम सुतार यांनी १९५०च्या दशकात पुरातत्त्व खात्यात वेरूळ-अजिंठ्याच्या शिल्पांच्या दुरुस्तीचे काम केले. जुन्या हातांची ती शाळाच होती. पण त्यांचा स्वतःचा हात लोकांना दिसला तो गांधीसागर धरणावरच्या ४५ फुटी चंबळमातेच्या शिल्पात, म्हणजे एका पाटबंधारे प्रकल्पाच्या कामात. धरण बांधताना कोणाला तरी तिथे शिल्प असावे असे वाटले नसते तर ही संधी आलीच नसती. बंगळुरूचे विधान सौध १९५६ मध्ये उभे राहिले. त्याच्या बांधकामावर सुमारे १,५०० पाथरवट, गवंडी आणि लाकूड कोरणारे होते असे सांगितले जाते. खर्चावरून तत्कालीन मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्यांवर टीकेची झोड उठली, पण ग्रॅनाइट कोरणाऱ्या एका पिढीला त्या इमारतीने हात दिला. तामिळनाडूने १९५७ मध्ये महाबलीपुरमला शिल्पशिक्षणाचे केंद्र काढले. पुढे त्याचे महाविद्यालय झाले आणि त्याचे प्रमुख राहिलेल्या गणपती स्थपतींच्या हातून कन्याकुमारीचा, तमिळ कवी तिरुवल्लुवरांचा १३३ फुटी पुतळा घडला. तिथे शाळा आणि सार्वजनिक काम जोडीने चालले, म्हणून गावात आजही टाकीचा आवाज आहे.

महाराष्ट्रात हे करायला पैसा कुठून आणायचा? पाणी, शाळा, दवाखाने बाकी असताना दगडावर नक्षी कशाला, असे विचारले जाईल आणि विचारले गेलेच पाहिजे. माझे म्हणणे नवीन पैशाबद्दल नाही. गावोगावच्या स्वागत कमानी, चौकांतले फायबरचे पुतळे, सरकारी कार्यालयांच्या दर्शनी भागावर चिकटवलेल्या चकचकीत फरशा, उद्यानांतले सिमेंटचे प्राणी यांवर आपण आधीच खर्च करतो, आणि तो काही वर्षांत रंग उडून, तडे जाऊन वाया जातो. फ्रान्सने १९५१ पासून सार्वजनिक शिक्षणसंस्थांच्या बांधकामखर्चाचा एक टक्का कलाकृतींसाठी राखून ठेवला आणि पुढे ते तत्त्व इतर सरकारी इमारतींना लावले. आपण सजावटीचाच पैसा नीट वळवला तरी पुष्कळ होईल. त्यासाठी निविदेची रीत बदलावी लागेल. दगडकामाला घनमीटरचा किंवा चौरस मीटरचा दर लावून सर्वांत कमी बोलीवाल्याला काम देण्याच्या पद्धतीत कोरणारा बसत नाही. तो कंत्राटदाराच्या उपकंत्राटदाराचा मजूर होऊन येतो. कोरीव भागाचा करार थेट कारागिराशी व्हावा, त्यात मुदत खरी असावी, नमुना पाहून निवड व्हावी, पाणी सोडून कापण्याची आणि धूळ ओढून घेण्याची सोय खर्चात धरलेली असावी, आणि काम पुरे झाल्यावर त्याचे नाव दगडात कोरावे.

सुरुवात करायला जागा आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत. त्यांचे तट, दरवाजे, पायऱ्या यांच्या दुरुस्तीला पुढची कित्येक वर्षे घडीव दगड लागणार आहे आणि तो घडवणारी माणसे लागणार आहेत. मूळ शिल्पाला कोणी टाकी लावू नये. दुरुस्तीत नवे कोरून जुन्यात मिसळणे ही फसवणूक होईल. पण किल्ल्यांच्या पायथ्याच्या गावांत पर्यटकांसाठी निवारे, पाणपोया, माहितीस्तंभ, बसथांबे उभे राहणारच आहेत. ते सिमेंटच्या खोट्या बुरुजांच्या रूपात उभे करायचे की त्याच सह्याद्रीच्या दगडात, आजच्या कोरणाऱ्याला आजचे काही सुचू देऊन, हे येत्या दोन-तीन वर्षांतल्या निविदांत ठरेल. प्रत्येक कामावर जाणत्या पाथरवटासोबत दोन शिकाऊ मुले-मुली वेतनावर ठेवण्याची अट त्या निविदांमध्ये आत्ताच घालता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, खात्याचे एक परिपत्रक पुरते.